गावची गाडी कल्याणला थांबते म्हणून?

पत्र थोडक्यात: पत्रलेखक बत्तीस वर्षांचे, मूळचे पाचोरा तालुक्यातले. सात वर्षं जळगावच्या एमआयडीसीत नोकरी. बायको जळगावातच एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन, मुलगी चार वर्षांची. आता ऐरोलीतल्या एका कंपनीत दीडपट पगाराची नोकरी मिळाली आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं, पहिले सहा महिने प्रोबेशन. राहायचं कुठे यावर घरात तीन मतं आहेत. त्यांचं स्वतःचं मत कल्याण, कारण आपल्या खान्देशाकडच्या गाड्या तिथे थांबतात. बदलापूरचा चुलतभाऊ म्हणतो, इथे वन बीएचके घेऊनच टाक, हा भाव परत मिळणार नाही. त्यासाठी वडील पाच एकरांतला दीड एकर विकायला तयार आहेत, गिऱ्हाईकही आलं आहे. बायकोचं म्हणणं, ऑफिसजवळ भाड्याने राहू, घर लहान असलं तरी चालेल. "भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. बायको तशीही नोकरी सोडणारच आहे, आई येऊन-जाऊन मुलीला सांभाळेल. तेव्हा कल्याण की बदलापूर, एवढंच सांगा," असं त्यांनी लिहिलं आहे.

भाऊ,

तुमच्या पत्रात तीन ठिकाणं आहेत आणि प्रश्नात दोनच. बायकोने सुचवलेलं तिसरं ठिकाण शेवटच्या ओळीपर्यंत येता येता गळून पडलं. मुद्दाम गाळलं असेल असं मला वाटत नाही. घरोघरी हे असंच होतं. पण तिच्या मुद्द्याकडे मी परत येणार आहे, तेव्हा तो तुमच्याही लक्षात असू द्या.

आधी कल्याण. आपल्या लोकांना कल्याण का जवळचं वाटतं हे मला सांगायला नको, मी स्वतः चौदा वर्षं डोंबिवलीत काढली आहेत. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड, नाशिक करत गाडी कसाऱ्याचा घाट उतरते आणि कल्याणला लागते. धान्याचं पोतं, बिबड्या-पापडांचे डबे घेऊन उतरलं की आपण घरी आलो असं वाटतं. माझ्या सासूबाई चाळीसगावकडून दर वर्षी दादर पाठवायच्या. शेजारच्या वहिनींना मी म्हटलं, "सासूबाईंनी वीस किलो दादर पाठवली." त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. दादर नावाची ज्वारी असते हे त्यांना कुठून माहीत असणार!

आता हिशेब करा. वर्षातून गावी किती वेळा जाल? आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणातला कानबाईचा सण, दिवाळी, दोन-तीन लग्नं, पेरणीच्या किंवा वेचणीच्या वेळी एखादी खेप. धरा दहा-बारा. ऐरोलीला मात्र महिन्याचे बावीस दिवस, रोज दोनदा, म्हणजे वर्षाला पाचशेवर खेपा होतील. बारा खेपांच्या सोयीसाठी पाचशे खेपा लांबवायच्या का? शिवाय आपल्याकडच्या काही गाड्या ठाण्यालाही थांबतात. ऐरोली-घणसोलीतून ठाणं अर्ध्या तासाच्या आत आहे. पोतं घेऊन तेवढं जड जाईल, पण ते वर्षातून बारा वेळा.

नकाशावर कल्याण ते ऐरोली फारसं दिसत नाही. प्रत्यक्षात तुम्ही घरातून शेअर रिक्षाने स्टेशनला जाल, कल्याणहून लोकलने ठाण्याला उतराल, गर्दीतून पूल चढून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जाल, तिथून वाशी किंवा पनवेलची गाडी धराल. दिघा गाव, मग ऐरोली. पुढे कंपनीपर्यंत चालत किंवा पुन्हा रिक्षा. गाडीत बसलेला वेळ कमीच असतो, पायऱ्या, फलाट आणि वाट बघणं यातच निम्मी सकाळ जाते. कल्याणहून दाराशी-दार सव्वा तासाच्या खाली हिशेब धरू नका. बदलापूर कल्याणच्या पुढे कर्जतच्या फाट्यावर, सीएसएमटीपासून अडुसष्ट किलोमीटरवर आहे. तिथून पावणेदोन तास धरा, तेही सगळं सुरळीत असेल तर. म्हणजे रोजचे साडेतीन तास. मुलगी उठायच्या आधी निघाल आणि झोपल्यावर परत याल.

चुलतभाऊ म्हणेल, "अरे, बदलापूरहून सुटणारी गाडी आहे, बसून जाशील." खरं आहे. कल्याणलाही सुटणाऱ्या गाड्या आहेत. सकाळी दहा मिनिटं आधी गेलात तर कधी खिडकी, कधी निदान चौथी सीट मिळेल. पण घर बघायला जाणारे सगळे सकाळचाच विचार करतात. संध्याकाळी तुम्ही ठाण्याला चढणार. ती गाडी सीएसएमटी, दादर, कुर्ला, घाटकोपर करत आधीच भरून आलेली असते. तिथे बसायला मिळत नाही, आत शिरायला मिळालं तरी पुष्कळ. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकलच्या दारांतून माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण रोज संध्याकाळी तुम्ही त्याच रुळांवरून जाणार आहात, तेव्हा 'उभं राहून जाऊ, त्यात काय' असं म्हणताना उभं राहायचं कुठे हे माहीत असावं.

माझा स्वतःचा मूर्खपणा सांगते. डोंबिवलीला सकाळी बसायला मिळत नाही म्हणून मी 'डाऊन' करायचे. म्हणजे आधी उलटं कल्याणला जायचं, तिथे बसायचं आणि त्याच गाडीने डोंबिवलीवरून मुंबईकडे यायचं. आमच्या डब्यातल्या निम्म्या बायका हेच करायच्या. डोंबिवली आलं की फलाटावरची झुंबड खिडकीतून बघताना काहीतरी मिळवल्यासारखं वाटायचं. एकदा लेकाच्या वहीत सहज मांडून पाहिलं, तर या बसण्यापायी महिन्याला सात-आठ तास जात होते. त्या तासांत मी घरी असते तर त्याची शाळेची तयारी सासूबाईंना करावी लागली नसती.

तुमच्या सासू-सुना-नातीचं गणितही आता बघू. तुम्ही लिहिता, बायको तशीही नोकरी सोडणारच आहे. 'सोडणार आहे' असं ती म्हणाली की सगळ्यांनी गृहीत धरलं? लॅब टेक्निशियनला काम कल्याणमध्ये मिळतं, घणसोलीत मिळतं, कोपरखैरण्यात मिळतं. अट एकच असते. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक सकाळी सातला येतात, म्हणून लॅब घरापासून चालत जाण्याइतकी जवळ हवी आणि त्या वेळी मुलीजवळ कुणीतरी हवं. तुम्ही ऐरोली, रबाळे किंवा घणसोलीत राहिलात तर साडेआठपर्यंत घरी असाल. मुलीला उठवणं, आंघोळ, डबा, बालवाडीत सोडणं, हे सगळं तुम्ही करू शकाल आणि ती साडेसहाला बाहेर पडू शकेल. बदलापूरला राहिलात तर साडेसहाला तुम्हीच बाहेर पडाल. तुमचं घर कुठे, यावर तिची नोकरी ठरणार आहे.

पैशांतही मांडून बघा. समजा आज तुम्हाला शंभर रुपये मिळतात आणि तिला साठ. तुमच्या शंभराचे दीडशे होतील, तिचे साठ जातील. घरात आज एकशेसाठ येतात, उद्या दीडशे येतील आणि वर मुंबईचा खर्च. खरे आकडे तुम्ही घाला. भाड्यातला फरक तिच्या पगारातून निघून काही उरतं का, ते कागदावर दिसेल. माझा अंदाज आहे, उरेल.

आणि आई. 'येऊन-जाऊन सांभाळेल' हे त्यांना विचारलंय का? माझ्या सासूबाई डोंबिवलीला पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या घराचं कौतुक होतं. आठवड्याभरात ते संपलं. दुपारी खिडकीशी बसून जाणाऱ्या गाड्या बघायच्या. गावी ओट्यावर बसलं की येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो, इथे जिन्यात भेटणारीही मान खाली घालून जाते. उन्हाळ्यात त्यांनी हौसेने बिबडे घातले. गच्चीवर जुनी साडी अंथरून पीठ थापलं, चारही कोपऱ्यांना दगड ठेवले. दुसऱ्या दिवशी सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं. "तठे आपलं कोन शे?" (तिथे आपलं कोण आहे?) असं त्या नंतर गावी सगळ्यांना सांगायच्या आणि ते खोटं नव्हतं.

म्हणून इथे मी तुमच्या चुलतभावाच्या बाजूला एक माप टाकते. आपली माणसं जवळ असणं ही खरीच सोय आहे. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात आपले लोक भरपूर आहेत, अहिराणी कानावर पडते, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि रोटाच्या प्रसादाला भाऊबंद जमतात. आई कायमच्या तुमच्याकडे राहणार असतील, तर हे वजन ऐरोलीच्या वजनाला जवळजवळ बरोबरीत आणतं. पण पत्रात तुम्ही 'येऊन-जाऊन' लिहिलंय. पाच एकर आणि वडील सोडून त्या किती दिवस येतील? वर्षातले तीन महिने, फार तर. त्या तीन महिन्यांसाठी उरलेले नऊ महिने बदलापुरात काढायचे का, हे आधी त्यांनाच विचारा. उत्तर ऐकताना वडील समोर नसले तर बरं.

आता जमिनीचं बोलते, कारण तुमच्या पत्रातला तोच भाग मला सगळ्यात जास्त खटकला. भाडं पाण्यात जातं म्हणता. कर्जाच्या हप्त्यातला सुरुवातीच्या वर्षांचा मोठा भाग व्याजाचाच असतो, तो कुठे जातो? त्यावर सोसायटीचा मेन्टेनन्स, मुद्रांक शुल्क, नोंदणी. नोकरी अजून प्रोबेशनवर आहे. ऐरोलीतली कंपनी दोन वर्षांनी पवईला किंवा पुण्याला गेली, किंवा तुम्हीच दुसरी धरलीत, तर बदलापूरचा फ्लॅट तुमच्यामागून येणार नाही. अकरा महिन्यांचा भाडेकरार मोडता येतो. विकलेला दीड एकर मात्र परत मिळत नाही आणि पुढे कधी सातबाऱ्यावरून तुमच्या घराचं नावच गेलं, तर महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेणं किती अवघड आहे हे वडिलांना माहीत असेलच.

'हा भाव परत मिळणार नाही' हे वाक्य मी नव्वद सालापासून ऐकते आहे. भाव वाढतात हे खरं, पण गेल्या आठवड्यात ते वाक्य बोलणारा माणूस पुढच्या आठवड्यातही तेच बोलतो.

पुढेमागे त्या पट्ट्यात घर घ्यायचंच ठरलं तर चार गोष्टी बघा. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर बघताच, पण तेवढ्यावर थांबू नका. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी खोट्या कागदांवर महारेराची नोंदणी मिळवली होती, उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले आणि त्यात हप्ते भरणारी सामान्य माणसं अडकली. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन पालिकेत स्वतः जाऊन पडताळा, भोगवटा प्रमाणपत्र मागा आणि कागद एखाद्या वकिलाला दाखवा. बिल्डरच्या ओळखीचा वकील नको. बदलापुरात तर घर जुलैमध्येच बघावं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. नदीच्या कोणत्या अंगाला इमारत आहे आणि त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं, ते जुन्या रहिवाशाला विचारा. पाण्याचं दलालाला विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, "आठवड्यात टँकर किती वेळा येतो?" आणि घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती वाचवण्यासाठी तरी तिचं मत आधी घ्यावं लागेल!

तुमच्यासारखी पत्रं दर उन्हाळ्यात येतात, म्हणून बाकीच्यांसाठी थोडं लिहिते. ऑफिस अंधेरी-गोरेगावकडे असेल आणि गाव अमळनेर, दोंडाईचा किंवा नंदुरबारकडचं असेल, तर कल्याणचा हट्ट मुळीच धरू नका. तुमची गाडी सुरतवरून येते, खान्देश एक्सप्रेसही त्याच वाटेने भुसावळला जाते. तुम्ही वसई-विरारकडे बघा. गर्दी तिथेही कमी नाही, पण रोजची लाईन आणि गावची लाईन एक होते. धुळे-शिरपूरच्या लोकांना आग्रा रोडची बस किंवा ट्रॅव्हल्स धरायची असते, त्यांना ठाण्याचा हायवेकडचा भाग किंवा भिवंडी बायपासची बाजू सोयीची. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जायचं असेल, तर नाशिकचाही विचार करा. मनमाडहून सुटणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसने नाशिकची माणसं वर्षानुवर्षं मुंबईला ये-जा करत आली आहेत. रोज करण्यासारखं ते मला वाटत नाही, करणाऱ्यांना मात्र माझा नमस्कार.

तुमच्यापुरतं माझं मत स्पष्ट आहे. ऐरोली, रबाळे, घणसोली, फार तर कोपरखैरणे. भाड्याने, नोंदवलेल्या करारावर, अकरा महिने. घर लहान मिळेल. बदलापूरला ज्या भाड्यात गॅलरी आणि लिफ्ट मिळते, त्यात इथे खोली आणि स्वयंपाकघर मिळालं तरी नशीब समजा. सामान निम्मं जळगावला किंवा गावी ठेवावं लागेल. चुलतभाऊ हसेल, हसू द्या.

पण माझ्या मतावरही लगेच करार करू नका. जुलैत तुम्ही एकटेच या. पहिले दोन आठवडे चुलतभावाकडे राहा, पुढचे दोन घणसोली-ऐरोलीत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरत्या भाड्याने. दोन्हीकडून ऑफिसला जा आणि घराचं दार ओढल्यापासून कंपनीत हजेरी लागेपर्यंतचा वेळ रोज वहीत लिहा, परतीचाही. सोमवार चुकवू नका, धो-धो पाऊस असेल तो दिवसही. रविवारचा वेळ मोजून उपयोग नाही, मेगाब्लॉक असतो. मग एका शुक्रवारी बायकोला आणि मुलीला बोलवा. संध्याकाळी साडेसहाला ठाण्याच्या फलाटावर उभे राहा आणि तिघं मिळून बदलापूरला जा. ही एक खेप झाली की घरातली तीन मतं बहुतेक दोनवर येतील.

दरम्यान बायकोने जळगावची नोकरी दिवाळीपर्यंत सोडू नये. मुलीची बालवाडी जूनमध्ये सुरू झालेली असेल, तीही मध्येच मोडायला नको. दिवाळीच्या सुट्टीत हलवणं सगळ्यांना सोपं जाईल, तोवर तुमच्या प्रोबेशनचीही दिशा कळलेली असेल. नव्या साहेबांना एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा. कानबाई रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी उठते, तेव्हा तुम्हाला सुट्टी सोमवारची लागेल. मुंबईच्या माणसाला हे आपणहून कळत नाही.

आणि दीड एकराच्या गिऱ्हाइकाला वडिलांनी आत्ता काहीच शब्द देऊ नये. इसार घेऊ नये, चहाला बोलावू नये. शेतात कपाशी उभी आहे, वेचणी होऊ द्या, मग बघू, एवढंच सांगावं. खरं घ्यायचं असेल तर तो जानेवारीतही येईल.

तुमची,
ताई

ता. क.: घणसोलीत घर बघताना गच्चीची किल्ली कुणाकडे असते ते विचारून ठेवा. आई एप्रिलमध्ये येतील.